युक्रेनला एवढी शस्त्रं मिळाली, मग युद्ध संपलं का नाही?

जून २०२३ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितलं की युक्रेनला दिलेल्या शस्त्रांचा हिशोब चुकलाय, आणि चूक थोडीथोडकी नाही, दोन वर्षांची मिळून ६.२ अब्ज डॉलर्सची. पैसे कुणी खाल्ले नव्हते. गोदामातल्या जुन्या मालाला नव्या मालाचा भाव लावला गेला होता, बस्स. म्हणजे असं समजा की पंधरा वर्षं वापरलेली स्कूटर तुम्ही भाच्याला देऊन टाकली आणि वहीत लिहिताना आजची शोरूमची किंमत लिहिली. भाच्याच्या हातात जुनीच स्कूटर, वहीत मात्र आकडा मोठा.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की पहिलं वाक्य हेच येतं, अमेरिकेने आणि युरोपने एवढे अब्जावधी ओतले तरी युक्रेन जिंकत कसं नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर नोटांनी भरलेल्या बॅगा उभ्या राहतात. तसं नसतं ते. २०२२च्या आक्रमणानंतर बायडेन जाईपर्यंत अमेरिकेने साधारण ६६ अब्ज डॉलर्सची लष्करी मदत जाहीर केली आणि ती मुख्यतः दोन वाटांनी गेली. एक म्हणजे राष्ट्राध्यक्षाने आपल्या अधिकारात स्वतःच्याच सैन्याच्या गोदामातून शस्त्रं उचलून द्यायची, ऑगस्ट २०२१ पासून हे ५५ वेळा झालं, आणि हा माल काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत पोचतो. दुसरी म्हणजे अमेरिकन कंपन्यांना नवीन ऑर्डर द्यायची, त्याला महिने लागतात, कधी कधी वर्षं. गोदामातून जे गेलं ते भरून काढायला नवीन माल बनतो तोही अमेरिकेतल्याच कारखान्यात, पगार होतात तिथल्याच कामगारांचे. त्यामुळे मदतीच्या आकड्यातला बराच पैसा अमेरिकेबाहेर कधी गेलेलाच नाही.

माझ्या मते या युद्धाचा नकाशा नीट वाचायचा असेल तर डॉलर्सचे आकडे बाजूला ठेवून तारखा बघाव्या लागतात. कुठलं शस्त्र मागितलं कधी, हो म्हटलं कधी, आणि पोचलं कधी. आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात ना, ते इथे वारंवार झालंय आणि दर वेळी त्याची किंमत माणसांनी मोजलीय.

सुरुवात २४ फेब्रुवारी २०२२. आपल्याकडच्या कितीतरी घरांना खारकिव्ह, सुमी ही नावं तेव्हा पहिल्यांदा माहीत झाली, कारण महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे मेडिकलला होती आणि ऑपरेशन गंगामधून घरी येईपर्यंत आईवडिलांचा जीव टांगणीला लागलेला. त्या वेळी पाश्चात्त्य देशांना वाटत होतं की कीव्ह काही दिवसांत पडेल. त्यामुळे जड शस्त्रं देण्याचा विषयच नव्हता, दिली होती ती खांद्यावर ठेवून रणगाड्यावर मारायची हलकी क्षेपणास्त्रं, अमेरिकेची जॅव्हलिन आणि ब्रिटनने जानेवारीत पाठवलेली जवळपास दोन हजार एनलॉ. जर्मनीने तर युद्धाच्या आदल्या महिन्यात ५ हजार हेल्मेट देऊ केली होती. जॅव्हलिनचं खूप कौतुक झालं आणि ते खरंही आहे, पण कीव्हच्या उत्तरेला रशियन रणगाड्यांच्या रांगा मोडल्या त्यात मोठा वाटा युक्रेनच्या स्वतःच्या जुन्या सोव्हिएत तोफांचा होता, आणि होस्टोमेलच्या विमानतळावर पहिल्याच दिवशी उतरलेल्या रशियन कमांडोंना तिथे पाय रोवू न देणाऱ्या सैनिकांचा. एप्रिलच्या सुरुवातीला रशियन सैन्य कीव्हच्या आसपासून निघून गेलं आणि मागे बुचा दिसलं. रस्त्यात पडलेली माणसं, काहींचे हात मागे बांधलेले. ते फोटो बघितल्यानंतर युरोपातल्या बऱ्याच सरकारांचा सूर बदलला.

मग अडचण आली मिलिमीटरची. सोव्हिएत पद्धतीच्या मोठ्या तोफा १५२ एमएमच्या, अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या, म्हणजे नाटोच्या १५५ एमएमच्या. फरक फक्त ३ मिलिमीटरचा, पण एकीचा गोळा दुसरीत चालत नाही. आपल्याकडे नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तिथल्या कुणालाही विचारा, बोफोर्सही १५५चीच. १५२चे गोळे जगात मुख्यतः बनवतं कोण तर रशिया आणि त्याचे जुने साथीदार, म्हणजे युक्रेनसाठी ती दुकानं बंद. म्हणून युद्ध चालू असताना अख्ख्या सैन्याचा तोफखाना एका मापावरून दुसऱ्या मापावर न्यायचा होता, सोबत नवीन ट्रेनिंग, नवीन स्पेअर पार्ट, आणि तोफेची नळी काही हजार गोळ्यांत झिजली की ती बदलायला पोलंडपर्यंत न्यायची. हे सगळं सामान जायचं पोलंडच्या झेशूफ शहराजवळच्या विमानतळावरून, तिथून ट्रक आणि रेल्वेने सीमेपलीकडे.

जून २०२२ मध्ये आलं हायमार्स. हे म्हणजे एक ट्रक, आत तिघे जण, पाठीवर सहा रॉकेटची एक पेटी. सुरुवातीला फक्त चार गाड्या आल्या. पण हे रॉकेट जीपीएसवर चालतं, साधारण ८० किलोमीटरवर जाऊन ठरलेल्या जागी पडतं, आणि मारून झालं की दोनेक मिनिटांत ट्रक तिथून पसार. तोवर रशियाची सवय अशी होती की दारूगोळ्याचे मोठे साठे रेल्वे स्टेशनजवळ, आघाडीपासून वीस-तीस किलोमीटरवर ठेवायचे कारण त्यांचा सगळा पुरवठाच रेल्वेवर चालतो. महिनाभरात ते साठे एकामागून एक उडाले आणि पूर्वेकडच्या दोनबासमधला तोफांचा अखंड मारा कमी झाला.

खेरसनजवळचा अंतोनिव्स्की पूल हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. द्निप्रो नदीच्या उजव्या काठावर रशियाचं हजारोंचं सैन्य, आणि त्यांना भाकरीपासून गोळ्यांपर्यंत बरंचसं येणार या एक किलोमीटरहून लांब पुलावरून. युक्रेनने जुलैमध्ये पूल पाडला नाही, त्याच्या डांबरी रस्त्यावर भोकं पाडली. वरून घेतलेल्या फोटोत ती भोकं ओळीने दिसतात, शिवणयंत्राने टाके घातल्यासारखी. माणूस चालत जाऊ शकेल, छोटी गाडीही जाईल, पण रणगाडा आणि लोड ट्रक नाही. रशियाने दुरुस्ती केली की परत मारा. मग त्यांनी पुलाच्या सावलीत तराफे लावले, त्यांच्यावरही मारा. सैन्य पूर्ण वेढलेलं नव्हतं पण उपाशी पडत चाललं होतं, आणि ११ नोव्हेंबरला युक्रेनचं सैन्य खेरसन शहरात शिरलं तेव्हा रस्त्यावरची लढाई जवळपास झालीच नाही. लोक झेंडे घेऊन बाहेर आले, सैनिकांच्या गळ्यात पडून रडत होते. योग्य वेळी आलेली मूठभर शस्त्रं काय करतात ते इथे दिसतं.

पण समोरचाही शिकतो, आणि हा भाग बऱ्याचदा चर्चेतून सुटतो. रशियाने साठे मागे नेले, छोटे केले, विखुरले. जीपीएस जाम करायची यंत्रं आघाडीवर आणून लावली, आणि एक्सकॅलिबर नावाचा जो महागडा जीपीएसवाला तोफगोळा सुरुवातीला अचूक पडायचा त्याचा नेम पुढे पुढे इतका चुकायला लागला की तो जवळजवळ निकामी झाला. नव्या शस्त्राचा धाक काही महिने टिकतो. त्या महिन्यांत जे साधायचं ते साधून घ्यायचं असतं, आणि म्हणूनच थेंब थेंब पाठवणं एवढं महागात पडतं. चार गाड्यांऐवजी पहिल्याच दिवशी चाळीस आल्या असत्या तर रशियाला शिकायला उसंत मिळाली नसती, असं मला मनापासून वाटतं.

२०२२चा हिवाळा हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा हुकलेला मोका. सप्टेंबरमध्ये खारकिव्हच्या बाजूला रशियाची फळी कोसळली होती, नोव्हेंबरमध्ये खेरसन सुटलं होतं, रशियाकडे माणसं कमी पडत होती म्हणून पुतिनने ३ लाखांची भरती काढली होती. डिसेंबरमध्ये युक्रेनचे सरसेनापती झालुझ्नी यांनी उघड सांगितलं की मला ३०० रणगाडे, ६०० ते ७०० चिलखती गाड्या आणि ५०० तोफा द्या. इथून पुढे चर्चा सुरू झाली. जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे युरोपातल्या बऱ्याच देशांकडे होते, पण ते दुसऱ्याला द्यायचे तर जर्मनीची परवानगी लागते कारण विकतानाच तशी अट असते. पोलंड द्यायला तयार, जर्मनी म्हणणार अमेरिकेने आधी स्वतःचे द्यावेत, अमेरिका म्हणणार आमचे अब्राम्स त्यांना झेपायचे नाहीत. शेवटी २५ जानेवारी २०२३ला दोघांनी एकाच दिवशी हो म्हटलं. त्यानंतर ट्रेनिंग, जमवाजमव, आणि चढाई सुरू झाली जूनमध्ये.

या सहा महिन्यांत दक्षिणेकडच्या झापोरिझ्झिया प्रांताच्या सपाट शेतांमध्ये रशियाने काय केलं, तर खंदक खणले, काँक्रीटचे त्रिकोणी अडथळे ओळीने मांडले, आणि सुरुंग पेरले, किलोमीटरच्या किलोमीटर. ८ जूनला माला तोकमाच्का गावाजवळ नवेकोरे लेपर्ड आणि ब्रॅडली या अमेरिकन चिलखती गाड्या सुरुंगात अडकल्या, मागची गाडी पुढे जाऊ शकेना, पुढची मागे येऊ शकेना, आणि वरून रशियाची का-५२ हेलिकॉप्टरं लांबूनच क्षेपणास्त्रं मारत होती. नाटोची स्वतःची पद्धत अशी आहे की आधी आकाश ताब्यात घ्यायचं आणि मग रणगाडे पुढे काढायचे. युक्रेनला रणगाडे दिले, विमानं दिली नाहीत, आणि पद्धत मात्र तीच शिकवली. एक गोष्ट खरी, ब्रॅडलीने माणसं वाचवली, सुरुंगावर चढली तरी आतले बरेच जण जिवंत बाहेर आले. पुढे त्यांनी गाड्या सोडल्या आणि पायी, झाडांच्या पट्ट्यांच्या आडोशाने, पुढे सुरुंग काढणारे रात्री पोटावर सरपटत, असं इंचाइंचाने जात ऑगस्टच्या शेवटी रोबोटिने गाव घेतलं. जेमतेम दहा-बारा किलोमीटर. चढाईचं लक्ष्य होतं दक्षिणेचा समुद्र, तो तिथून अजून खूप लांब होता. आणि अमेरिकेने कबूल केलेल्या ३१ अब्राम्सपैकी पहिले पोचले सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. बैल गेला अन् झोपा केला.

आता तोफगोळ्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण अख्खं युद्ध या एका वस्तूवर अडलं होतं. १५५ एमएमचा एक गोळा साधारण ४५ किलोचा, म्हणजे घरातला भरलेला गॅस सिलिंडर उचलून बघा आणि त्यात अजून अर्धा मिळवा. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावात अमेरिकेचा सरकारी कारखाना आहे, तिथे लोखंडाचे जाड दांडे कापून लालभडक तापवतात, दाबयंत्रात घालून आतून पोकळ करतात, तोंड निमुळतं करतात. मग ही रिकामी नळकांडी आयोवामधल्या दुसऱ्या कारखान्यात जातात, तिथे स्फोटकं भरतात. युद्धाआधी अमेरिका महिन्याला साधारण १४ हजार गोळे बनवायची. युक्रेन सगळ्या मापाचे मिळून दिवसाला ४ ते ७ हजार झाडत होतं. म्हणजे अमेरिकेची महिन्याभराची मेहनत तीन दिवसांत संपली.

बरं, कारखाना वाढवा म्हटलं तर स्फोटक लागतं, आणि टीएनटी बनवणं अमेरिकेने १९८० च्या दशकातच बंद केलेलं, तो येतो पोलंडहून. गोळा नळीतून बाहेर ढकलायला जी दारू लागते ती नायट्रोसेल्युलोजपासून होते, आणि नायट्रोसेल्युलोज होतं कापसापासून. विदर्भ-खानदेशातल्या लोकांना हे लगेच कळेल, जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीवर जे आखूड तंतू चिकटून राहतात ना, ते. युरोपातले दारूचे कारखाने हे तंतू बऱ्याच प्रमाणात चीनमधून आणतात. आणि चीन या युद्धात कुणाच्या बाजूला झुकलेला आहे हे सांगायला नको. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये जाहीर केलं की वर्षभरात १० लाख गोळे देऊ, मार्च २०२४ पर्यंत दिले गेले त्याच्या साधारण निम्मे. वाईट हेतू नव्हता, पण शीतयुद्ध संपल्यावर तीस वर्षं हे कारखाने कुणी वाढवलेच नव्हते. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंत माणूस थांबत नाही. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही म्हणतात, तोफगोळ्यांचंही आणता येत नाही.

आणि याच काळात वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मदतीचं बिल अडवून धरलं. कारण होतं मेक्सिकोच्या सीमेवरून चाललेलं त्यांचं घरचं राजकारण. २०२३ च्या शरदापासून एप्रिल २०२४ पर्यंत नवीन मदत जवळपास आटली. रशियाला मात्र उत्तर कोरियाकडून गोळ्यांच्या बोगी भरून येत होत्या. अवदिइव्का हे युद्धाआधी ३०-३२ हजार वस्तीचं गाव, मोठी कोक फॅक्टरी असलेलं, २०१४ पासून आघाडीवर टिकून राहिलेलं. तिथले तोफची एक गोळा मारायचा की नाही यावर विचार करत बसलेले आणि समोरून मारा अखंड, वरून रशियन विमानं पंख लावलेले जड बॉम्ब लांबूनच सोडतायत. १७ फेब्रुवारी २०२४ ला सैन्य मागे घ्यावं लागलं. २४ एप्रिलला बायडेननी बिलावर सही केली, युक्रेनच्या वाट्याला साधारण ६१ अब्ज डॉलर्स. दोन महिने आणि एक गाव उशीर. त्या मधल्या काळात चेक प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष पेत्र पावेल, जे स्वतः जनरल होते, त्यांनी जगभरात कुठे कुठे विकत मिळतील असे ८ लाख गोळे शोधून काढले, फक्त पैसे घाला म्हणाले, आणि बऱ्याच देशांनी घातले. छोट्या देशाचं हे काम मला मोठं वाटतं.

एवढा उशीर का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नुसतं भित्रेपणा असं देणं बरोबर होणार नाही. रशियाकडे अण्वस्त्रं आहेत. बायडेनच्या लोकांना खरीच धास्ती होती की एक पाऊल चुकलं तर नाटो आणि रशिया समोरासमोर येतील, आणि ती जबाबदारी कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला हलकी घेता येत नाही. पण प्रत्यक्षात झालं असं की प्रत्येक शस्त्राला आधी नाही, मग बघू, मग हो. जानेवारी २०२३ मध्ये एफ-१६ लढाऊ विमानं देणार का विचारलं तर बायडेन नाही म्हणाले, ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्क आणि नेदरलँड्सना द्यायला परवानगी दिली, विमानं दिसली ऑगस्ट २०२४ मध्ये. हायमार्सवरूनच सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या अटॅकम्स क्षेपणास्त्राचंही तेच, आधी कमी पल्ल्याचं ऑक्टोबर २०२३ मध्ये, ३०० किलोमीटरचं २०२४ च्या वसंतात, आणि ते रशियाच्या हद्दीत मारायची मुभा नोव्हेंबर २०२४ मध्ये, तोवर रशियाने आपली बरीच विमानं लांबच्या तळांवर हलवलेली. ज्या आगीची भीती होती ती एकाही वेळी भडकली नाही. दिलं ते सगळंच शेवटी, फक्त धाक ओसरल्यावर.

सगळा दोष बाहेरच्यांचा असंही नाही. युक्रेनने भरतीचं वय २७ वरून २५ वर आणायचा निर्णय एप्रिल २०२४ पर्यंत लांबवला, आणि २०२२ पासून खंदकात असलेल्या सैनिकाला घरी कधी जायला मिळणार याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. गोळे आले तरी ते तोफेत घालायला माणूस लागतो.

मग २०२५. ट्रम्प आले, २८ फेब्रुवारीला ओव्हल ऑफिसमध्ये कॅमेऱ्यांसमोर युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी खडाजंगी झाली, मार्चच्या सुरुवातीला शस्त्रं थांबली आणि पाठोपाठ उपग्रहांची माहितीही. आठवडाभरात सौदीतल्या जेद्दाहच्या बैठकीनंतर दोन्ही सुरू झालं. पण त्या आठवड्यात युरोपला कळून चुकलं की हा नळ दुसऱ्याच्या हातात आहे. जुलैपासून नवी व्यवस्था आली, अमेरिका शस्त्रं देणार पण पैसे युरोपातले नाटो देश भरणार.

तोवर युक्रेनने स्वतःचं बरंच उभं केलं होतं. काळ्या समुद्रातली रशियाची मुख्य युद्धनौका मोस्क्वा १४ एप्रिल २०२२ ला बुडाली ती युक्रेनच्याच नेपच्यून क्षेपणास्त्राने, आणि पुढे स्फोटकं भरलेल्या छोट्या ड्रोन बोटींनी रशियाच्या आरमाराला क्रायमियातल्या सेवास्तोपोल बंदरातून बरंचसं हुसकावलं, त्यामुळे ओडेसाहून धान्य आणि सूर्यफुलाचं तेल परत निघायला लागलं. मार्च २०२२ मध्ये आपल्या किराणा दुकानात सूर्यफूल तेलाच्या पाऊचचा भाव कसा उसळला होता आठवत असेल, ते याच बंदरांमुळे. जमिनीवर आता चार-पाचशे डॉलर्सचं ड्रोन लाखोंच्या रणगाड्याला थांबवतंय आणि ते युक्रेनमध्ये बनतं. बोहदाना नावाची त्यांची स्वतःची १५५ची तोफ, आक्रमण झालं तेव्हा तिचा फक्त एक नमुना होता आणि त्याच एका तोफेने २०२२ मध्ये काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंड बेटावर मारा केला. डेन्मार्कने स्वतःकडची शस्त्रं संपल्यावर वेगळा मार्ग काढला, पैसे थेट युक्रेनच्या कारखान्याला दिले, अशा १८ बोहदाना सैन्याकडे गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये झेलेन्स्की म्हणाले की महिन्याला २० बनतायत.

पण आकाशातून जे येतं त्याचं काय? ९ जुलै २०२५ च्या एका रात्रीत रशियाने ७२८ ड्रोन सोडले. त्यांच्यासाठी मशिनगन, स्वस्त ड्रोन, आणि जर्मनीच्या गोदामातल्या जुन्या गेपार्ड, म्हणजे विमानविरोधी तोफा बसवलेल्या गाड्या कामाला येतात. गेपार्डचे ३५ एमएमचे गोळे स्वित्झर्लंडच्या बनावटीचे, आणि आम्ही तटस्थ म्हणून स्वित्झर्लंडने ते पुढे द्यायला नकार दिला होता, शेवटी जर्मनीला स्वतःच्या देशात त्यांचं उत्पादन नव्याने सुरू करावं लागलं. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र मात्र गेपार्डने पडत नाही. ते सायरन वाजल्यापासून काही मिनिटांत येतं, लोकांना मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोचायलाही वेळ नसतो, आणि त्याला अडवायला युक्रेनकडे भरवशाचं एकच साधन आहे, अमेरिकेची पेट्रियट ही हवाई संरक्षण यंत्रणा. त्याचं एक क्षेपणास्त्र साधारण ४० लाख डॉलर्सचं, बनतं अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये, २०२४ मध्ये वर्षभरात बनली साधारण ५००, आणि ती जगातल्या सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये वाटायची. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने ही रांग बदलली, युक्रेनला आधी देता यावं म्हणून एका देशाला कळवलं की तुमचे पेट्रियट उशिरा येतील. तो देश होता स्वित्झर्लंड.